कणीक मुरेपर्यंतची शाळा

आमच्या घरात सकाळ व्हायची ती लाटण्यांच्या आवाजाने. खातीपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बाकीच्या मुलांना गाड्यांच्या भोंग्याने जाग येत असेल, मला कधी आली नाही. भोंगे आमच्या कानांना इतके सरावाचे होते की एखादी गाडी वेळेवर वाजली नाही तरच बाबा मान वर करून ऐकायचे. ते सिग्नल खात्यात होते, त्यांना तो छंदच होता. पण आठच्या सुमारास मागच्या व्हरांड्यात आठ पोळपाटांवर आठ लाटणी एकदम चालू झाली की घरात कुणाची झोपायची टाप नव्हती. त्यात बांगड्यांचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आई मूळची अकोल्याकडची. जयपुरात येऊन तिला वीस वर्षं होत आली तरी तिची हिंदी वऱ्हाडीच होती. "जल्दी करो बाप्पा, पोट्टे उपाशी बैठे हय उधर," असं ती ओरडायची आणि आठही बायका पदराआड हसायच्या. पोट्टे म्हणजे गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलांत राहून कोचिंग करणारी मुलं. त्यांचे डबे अकराच्या ठोक्याला टेम्पोत चढलेच पाहिजेत, हा आमच्या घरातला एकमेव न मोडणारा नियम होता. बाकीचे नियम बाबांनी केलेले होते, त्यामुळे ते रोज मोडायचे.

डब्यांचा धंदा आईने ठरवून काढला नव्हता. बाबांच्या एका गाववाल्याचा मुलगा कोचिंगला आला, मेसच्या जेवणाने महिनाभरात निम्मा झाला, तेव्हा आईने त्याला डबा धाडला. त्याच्या खोलीत आणखी दोघे होते. त्या दोघांना शेजारी होते. वर्षाच्या आत साठ डबे झाले. रोज डाळ, भात, भाजी, पोळ्या, आणि शनिवारी पिठलं-ठेचा. बिकानेरकडची मुलं फोन करून विचारायची, "आंटी, आज वो पीला वाला आएगा क्या?" आई खूश व्हायची, पण पिठल्याला पीला वाला म्हटलेलं तिला शेवटपर्यंत खपलं नाही. पोळ्यांना हात कमी पडायला लागले तेव्हा ती रुळापलीकडच्या नाल्याकाठच्या बस्तीत गेली आणि बायका घेऊन आली. आधी तीन, मग आठ. संतोष त्या पहिल्या तिघींतली. आपल्याकडे संतोष हे पुरुषाचं नाव, त्यामुळे बाबा पहिल्या दिवशी कामाला कोण माणूस आलाय म्हणून व्हरांड्यात डोकावले आणि कपाळापर्यंत पदर घेतलेली, चाळिशीची, उंचीपुरी बाई बघून लाजून परत फिरले. मी तिला मौसी म्हणायचे.

आता मला कळतं की आईला नुसता धंदा करताच येत नव्हता. समोरच्या माणसाचं घर कसं चाललंय हे विचारल्याशिवाय तिला त्याच्याकडून कांदासुद्धा चिरून घेता यायचा नाही. बायका कामाला येताना लेकरं घेऊन येत, म्हणून पुढच्या व्हरांड्यात सतरंजी पडली आणि तिथे बालवाडी सुरू झाली. बस्तीत पाणी नव्हतं, आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, तर आमच्या नळाला रबरी पाइप लागला, कॉलनीवाल्यांनी तक्रार करेपर्यंत. मग तिने बस्तीत नळ यावा म्हणून अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज मी लिहायचे, माझ्या शाळेतल्या शुद्ध हिंदीत, आणि ती तो घेऊन एकेका ऑफिसच्या पायऱ्या चढायची. पगार हातात दिला की नवऱ्यांच्या खिशात जातो हे लक्षात आल्यावर तिने आठही जणींची पोस्टात खाती उघडली. तिथे नवीनच अडचण आली. अंगठा लावणाऱ्या बाईला पैसे काढताना ओळखीचा साक्षीदार लागायचा, आणि साक्षीदार म्हणून नवराच जायचा. आई त्या दिवशी पोस्टातून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "सुनंदा, यायले सही शिकव. उद्यापासून."

मी तेव्हा अकरावीत होते, शाळा दुपारची. वर्ग कधी घ्यायचा हा प्रश्न होता, कारण डब्यांच्या कामात श्वास घ्यायला फुरसत नसे. एकच वेळ मोकळी होती. कणीक मळून झाली की ओल्या फडक्याखाली ती वीस मिनिटं मुरायला ठेवायची. तेवढ्या वेळात बायका पाय पसरून बसायच्या, विडी ओढणाऱ्या मागच्या दाराबाहेर जायच्या. ती वीस मिनिटं मी घेतली. पाट्या आणल्या नाहीत. परातीत कोरडं पीठ पसरायचं आणि बोटाने त्यात लिहायचं, चुकलं की हाताने सारखं करायचं. अक्षरं शिकवायचा मी चार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग मला युक्ती सुचली. या बायका मेंदी काढायच्या, मांडणे म्हणजे त्यांच्याकडच्या रांगोळ्या काढायच्या, नक्षी एकदा बघितली की त्यांच्या बोटांत बसायची. मी प्रत्येकीला तिचं नाव नक्षी म्हणून शिकवलं. आधी वरची दांडी सरळ ओढायची, मग तिच्याखाली एकेक आकार लटकवायचा. संतोषमौसी तर तीन आठवड्यांत तयार झाली. शेवटी स वरचं टिंब ती कपाळाला टिकली लावावी तसं हलक्या बोटाने द्यायची आणि मान तिरकी करून बघत राहायची. "यो म्हारो नाम छै?" पहिल्या दिवशी तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. तिने परातीतलं ते नाव पुसू दिलं नाही, त्या दिवशी त्या परातीला सोडून दुसऱ्या परातीत पीठ घेतलं.

एक गोष्ट मला तेव्हाच माहीत होती, आणि ती मी इथे लिहिणार नसेन तर हे प्रकरण लिहिण्यात काही मतलब नाही. एकदा मी संतोषमौसीला सरसोंच्या तेलाचा डबा दाखवून विचारलं की यात तुझ्या नावातलं अक्षर कुठे आहे. तिने डबा फिरवून फिरवून पाहिला. त्यावर बोटाएवढं मोठं स होतं. "इसमें तो म्हारो नाम कोनी," ती नाही अशी मान हलवत म्हणाली. मी हसले. बाकीच्याही हसल्या, तीही हसली. संध्याकाळी मी आईला सांगितलं, "आई, त्यांना सही येते, वाचता काहीच येत नाही. चित्र काढतात त्या." आई उद्याची भाजी निवडत होती. म्हणाली, "येईन वं हळूहळू. आधी सही तं होऊ दे. वाचाले वर्षं लागतेत, इथं रोज अकराले डबे निघाले पायजेत." आणि ते खरंच होतं. वीस मिनिटांत सही शिकता येते. त्यापुढचं शिकायला कणीक तेवढा वेळ थांबत नाही.

संतोषमौसी पोस्टात एकटी गेली तो दिवस आमच्याकडे सणासारखा झाला. नवरा बाहेर सायकल धरून उभा, आणि ही आत. खिडकीवरच्या माणसाने अंगठ्याची शाईची डबी पुढे सरकवली, हिने ती परत त्याच्याकडे सरकवली आणि पेन मागितलं. हे तिने आम्हाला निदान दहा वेळा करून दाखवलं, पोळपाट पुढे ढकलून. आईने त्या दिवशी बुद्धपौर्णिमेला करते तशी खीर केली, साधा मंगळवार असून. सहा महिन्यांत आठही जणी सही करायला लागल्या, आणि मग त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणीही कणकेच्या वेळेला मागच्या दाराशी येऊन बसायला लागल्या. नाल्याकाठच्या त्या पन्नासेक घरांतल्या जवळजवळ प्रत्येक घरात सही करणारी एक बाई झाली. मी वर्गात मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. मला स्वतःचा इतका अभिमान त्यानंतर आयुष्यात कधी वाटला नाही, आणि आता तो आठवला की तोंड लपवावंसं वाटतं.

नळाची बातमी घेऊन आला तो माणूस वॉर्डातला कार्यकर्ता होता. सगळे त्याला भाईसाहब म्हणायचे. पांढरा सफारी, गोड जीभ, कुणाच्याही घरी मयत असो की मुंज, हा हजर. आईच्या अर्जांमागे त्यानेही दोन-चार वेळा धावपळ केली होती, त्यामुळे तो आमच्या व्हरांड्यात येऊन "भाभीजी, मुबारक हो, आपका नल मंजूर हो गया," असं म्हणाला तेव्हा आईने शंका घ्यावी असं काहीच नव्हतं. ती खुर्चीवरून उठली आणि परत बसली. दोन वर्षं ती त्या नळासाठी झिजली होती. भाईसाहब म्हणाला की कनेक्शन घरातल्या बाईच्या नावाने मिळणार, तेव्हा प्रत्येक घरातल्या बाईची सही हवी. आणि मग जरा थांबून विचारलं, "दस्तखत तो सबको आते हैं न? सुना है आपकी बिटिया ने सिखाया है." आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "एक भी अंगूठा नहीं मिलेगा आपको."

रविवारी दुपारी बायका आमच्याकडे आल्या, धुतलेल्या लुगड्या-ओढण्यांत. आईने शिरा केला. भाईसाहब टेबलाशी बसला, शेजारी मी. त्यानेच मला कागद दिला, "पढ़के सुना दो बेटा, सबको तसल्ली हो जाएगी." मी उभी राहून शाळेत धडा वाचतात तसा सबंध अर्ज वाचला. नळ जोडणीचाच अर्ज होता तो, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सह्या सुरू झाल्या. प्रत्येक अर्जाच्या मागे दुसरा एक कागद टाचलेला होता, "ये ऑफिस कॉपी है," तो म्हणाला, आणि वरचा कागद तळहाताने दाबून धरून खालच्याचं फक्त सहीपुरतं टोक पुढे करायचा. दोन सह्या, पुढची बाई. मी कागदांकडे बघतच नव्हते. मी हातांकडे बघत होते. कोण दांडी आधी ओढतेय, कोणाचं पेन थरथरतंय. संतोषमौसीने टिंब दिलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तिच्या वेळी त्याचा तळहात जरा सरकला आणि खालच्या कागदावरचे दोन शब्द मला दिसले, 'स्वेच्छा से'. म्हणजे आपल्या मर्जीने. मला वाटलं, नळ आपल्या मर्जीने घेतोय असं असेल. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. दिसलं आणि गेलं.

रांगेच्या शेवटी भँवरीची सासू उभी होती. सगळे तिला दादी म्हणायचे, तिचं नाव गंगा. भँवरी आमच्याकडे पोळ्या लाटायची, पण घर सासूच्या नावावर होतं. दादीने अंगठा पुढे केला. भाईसाहब म्हणाला, "अम्मा, आप रहने दो." ती म्हणाली, मग माझ्या घरी नळ? "अंगूठे वालों का बाद में देखेंगे." म्हातारीचा चेहरा असा उतरला की माझ्याने बघवेना. मी म्हटलं, "भाईसाहब, दो मिनट रुकिए." तिला खाली बसवलं, शिऱ्याच्या ताटलीत पीठ पसरलं आणि ग आणि ग, मध्ये टिंब, शेवटी काना, असं तीनदा काढून घेतलं. जमेना. बोटं वाकडी झालेली होती तिची. तेव्हा मी तिचा हात माझ्या हातात धरला, पेन धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून दोन्ही कागदांवर गंगा लिहिलं. भाईसाहब बघत होता. कागद गोळा केले, शिरा दोनदा मागून खाल्ला आणि गेला.

पावसाळा संपल्यावर नोटिसा आल्या. नाल्याकाठची जागा रिकामी करायची, बदल्यात शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब, प्लॉट. आई आठही बायकांना घेऊन नोटिसा काढणाऱ्या ऑफिसात गेली, आणि कागद लिहायला म्हणून मी. तिथल्या साहेबाने चिडचिड केली नाही, आम्हाला बसवलं, फाइल काढली, आणि एकेक कागद आमच्यापुढे ठेवत गेला. नळाचा अर्ज त्यात कुठेही नव्हता. सगळ्यात वर लिहिलं होतं 'सहमति-पत्र', आणि त्याखाली, मी आपली जागा स्वेच्छेने सोडायला तयार आहे, अशा अर्थाच्या बारा ओळी. खाली सही. संतोषची, टिंबासकट.

"साहब, इनको पढ़ना नहीं आता," आई म्हणाली.

साहेब त्या सह्यांवर बोट फिरवत होता. "मैडम, ऐसे दस्तखत तो मेरे क्लर्क के नहीं हैं."

"मौसी, बोल ना तू," मी संतोषमौसीला म्हटलं. "सांग त्यांना."

साहेबाने तिला विचारलं, पढ़ना आता है? ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असेल, नाही म्हटलं तर शिकवणारीची, म्हणजे माझी, शोभा होईल. खालच्या आवाजात म्हणाली, "दस्तखत आवै छै."

तेव्हा त्या साहेबाने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते. "देखिए, अंगूठा होता तो बात अलग थी. अंगूठे के नीचे हमको लिखना पड़ता है कि पढ़कर सुनाया गया, दो गवाह लेने पड़ते हैं. एक में भी कमी होती तो मैं खुद रोक देता. पर दस्तखत का मतलब है, पढ़ा और माना." मग फाइल बंद करून, खरंच कुतूहलाने, त्याने विचारलं, "सिखाया किसने इनको?"

आठ बायकांपैकी एकीनेही माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

त्यानंतर जे जे करायचं ते आम्ही केलं, आणि कशाचाच उपयोग झाला नाही. भाईसाहब आधी गावाला गेला, मग आजारी पडला, मग भेटला तेव्हा म्हणाला की भाभीजी, माझीही फसवणूकच झाली. वकिलाने कागद पाहिले, दादीची सही बघून मला विचारलं की म्हातारीचा हात कुणी धरला होता, आणि हे कुठे बोलू नकोस म्हणाला. बाबांना खात्याकडून तोंडी विचारणा झाली की क्वार्टरमध्ये कोणता व्यवसाय चालतो. बाबा उभ्या आयुष्यात आईवर ओरडले नव्हते, त्या दिवशीही ओरडले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "मी काय करू सांग." ट्रक आले त्या सकाळीही डबे होतेच. बायका नव्हत्या, आई आणि मी दोघींनीच पोळ्या लाटल्या, आणि रुळापलीकडून भिंती पाडल्याचे आवाज येत होते. दोनशे चाळीस पोळ्या. आई मध्येच म्हणाली, "हे पोट्टे तं उपाशी नाही ना ठेवता येत." तिच्या हनुवटीवरून पाणी टपकून पोळपाटावर पडत होतं आणि ती त्याच्यावरच पीठ टाकून लाटत होती.

आज तिथे लग्नाचं मोठं गार्डन आहे. मागच्या हिवाळ्यात नवऱ्याच्या मित्राच्या मुलाचं लग्न नेमकं तिथेच निघालं आणि मी तब्येतीचं कारण सांगून वैशाली नगरातल्या माझ्या घरी बसून राहिले. लोक मला विचारतात की तुमच्या आई इतकं सामाजिक काम करायच्या, तुम्ही का नाही पुढे चालवलं. मी काहीतरी सांगते. आईने डब्यांचं काम पुढे दीड वर्ष चालवलं, दुसऱ्या बायका आल्या, त्यांना तिने कामाशिवाय काही विचारलं नाही. कणीक मुरायची तेवढा वेळ सगळ्या नुसत्या बसून असायच्या. मग गुडघे दुखतात म्हणून तिने धंदा बंद केला. गुडघे तिचे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

संतोषमौसीने मात्र येणं सोडलं नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी दोन बस बदलून ती यायची, पदरात कागद गुंडाळून. विजेचं बिल, रेशनचा कागद, नातवाच्या शाळेतलं पत्रक. तिच्या नव्या वस्तीत वाचता येणारी चार पोरं तरी नक्की होती. पण ती माझ्याकडे यायची. मी एकदा धीर करून म्हटलं, "मौसी, आता वाचायलाच शिकवते, बैस." तिने मान हलवली, "अब कांई सीखूँ छोरी, तू तो छै." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आयुष्यभर सुखाने झोपले असते.

शेवटची आली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं आणि तिच्या धाकटीचंही. पत्रिका घेऊन आली होती, लाल, सोनेरी छपाईची. मी तिला ती सबंध वाचून दाखवली, गणपतीच्या श्लोकापासून ते वराच्या मामांच्या नावांपर्यंत. ती डोळे मिटून ऐकत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाचून झालं तेव्हा मौसीने पत्रिका माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि परत माझ्या हातात दिली.

"और पाछै?"

"मागे काही नाही मौसी. कुछ नहीं है. कोरा है."

"देख तो ले."

मी पत्रिका दाराच्या उजेडात धरली आणि ती कोरी बाजू वरपासून खालपर्यंत बघितली, अगदी सावकाश, कारण ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती.